दुर्लक्षित बांधण्या: ‘डायब्लो २’मधील पात्ररचनेच्या परंपरेचा इतिहास

‘ॲक्शन रोल-प्लेइंग गेम’ या संगणकीय खेळप्रकारात खेळणारा एका कल्पित पात्राची भूमिका घेतो, ते पात्र राक्षसांशी लढत लढत अधिक समर्थ होत जाते आणि ही लढाई पाळीपाळीने न होता माउसच्या प्रत्येक क्लिकसरशी तत्काळ घडते. बाहेरून पाहणाऱ्याला यात हाताच्या चपळाईपलीकडे फारसे काही दिसत नाही. परंतु या खेळात मुरलेल्यांना ठाऊक असते की लढाईचा निकाल बऱ्याच अंशी लढाईच्या आधीच, पात्राची कोणती कौशल्ये वाढवायची, त्याच्या अंगावर कोणत्या वस्तू चढवायच्या आणि त्या दोहोंचा मेळ कसा घालायचा या हिशेबात ठरलेला असतो. या हिशेबातून उभ्या राहणाऱ्या पात्ररचनेला खेळाडूंच्या बोलीत ‘बिल्ड’ म्हणतात, आणि मराठीत तिला पात्रबांधणी किंवा नुसती बांधणी म्हणता येईल. प्रत्येक काळात काही मोजक्या बांधण्या लोकप्रिय होतात, सर्वत्र त्यांचीच नक्कल होते, आणि त्यांच्या सावलीत तितक्याच परिणामकारक अशा कित्येक बांधण्या वर्षानुवर्षे पडून राहतात. अमेरिकेतील ‘ब्लिझार्ड नॉर्थ’ या संस्थेने घडवलेल्या आणि २००० साली प्रसिद्ध झालेल्या ‘डायब्लो २’ या खेळाच्या दोन दशकांहून अधिक लांबीच्या इतिहासात या दुर्लक्षाची कारणे विलक्षण स्पष्टपणे दिसतात. आणि ती पाहिली की बांधणी मागे पडली ती अंगच्या दुबळेपणामुळे, ही समजूत फार थोड्या ठिकाणी खरी ठरते.

पात्राला आकड्यांत मोजण्याची पद्धत संगणकाआधीची आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन टेबलाभोवती खेळायचा खेळ १९७४ मध्ये आला, आणि त्याने पात्राची शक्ती, बुद्धी, चपळता, काटकपणा असे सहा गुण अंकांत मांडले. ही अंकव्यवस्था १९८० च्या ‘रोग’ या खेळाने संगणकाच्या पडद्यावर आणली. त्यात भुयारे दर खेपेला नव्याने रचली जात, राक्षस इंग्रजी अक्षरांच्या रूपात दिसत, आणि पात्र मेले की ते कायमचे जाई. पुढे ‘मोरिया’ आणि ‘अँगबँड’ हे याच वंशातील खेळ विद्यापीठांच्या संगणकांवर वाढले, आणि त्यांच्यावर पोसलेल्या डेव्हिड ब्रेव्हिक यांनी मॅक्स आणि एरिक शेफर या बंधूंसह कॅलिफोर्नियात स्थापलेल्या ‘काँडॉर’ या छोट्या संस्थेत ‘डायब्लो’ची कल्पना आकाराला आली. आरंभी हा खेळ पाळीपाळीने खेळायचा होता. तो तत्काळ लढाईचा झाला तो निर्मितीच्या ओघात. १९९६ मध्ये ब्लिझार्डने ही संस्था विकत घेऊन तिला ‘ब्लिझार्ड नॉर्थ’ हे नाव दिले, आणि त्याच वर्षाच्या अगदी अखेरीस खेळ बाजारात आला.

पहिल्या ‘डायब्लो’त योद्धा, तिरंदाज स्त्री आणि जादूगार असे तीनच पात्रवर्ग होते, आणि मंत्रांची पुस्तके कोणालाही वाचता येत असल्यामुळे वर्गावर्गांतील फरक प्रामुख्याने गुणांच्या कमाल मर्यादेवरून पडे, योद्ध्याची जादू ५० वर थांबे आणि जादूगाराची शक्ती ४५ वर. एवढ्या अरुंद चौकटीतही चाकोरीबाहेरच्या बांधणीची परंपरा सुरू झाली, ती स्वतःवर बंधने घालून घेण्याच्या हौसेतून. अंगावर एकही वस्तू न चढवता केवळ मंत्रांच्या बळावर खेळ पुरा करणारा ‘नेकेड मेज’, म्हणजे निःशस्त्र नागवा जादूगार, हा त्या काळातील सर्वांत प्रसिद्ध नमुना होय. याच सुमारास जारुल्फ या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या खेळाडूने खेळाची अंतर्गत सूत्रे तपशीलवार मांडणारी मार्गदर्शिका सिद्ध केली. राक्षसावर प्रहार लागण्याची शक्यता कशी काढली जाते, प्रतिकार कसा वजा होतो, कोणती वस्तू कोणत्या खोलीच्या भुयारात सापडू शकते, हे सारे त्यात होते, आणि पुढच्या पिढीच्या खेळाडूंनी अभ्यासाची जी शिस्त अंगी बाणवली तिचा उगम या लेखनात शोधावा लागतो. निर्मात्यांनी लिहिलेली, पण सांगितलेली नसलेली नियमावली बाहेरच्यांनी इतक्या चिकाटीने उलगडावी, ही त्या काळी नवीच गोष्ट होती.

‘डायब्लो २’ने चौकट विस्तारली. जून २००० मध्ये आलेल्या मूळ खेळात पाच पात्रवर्ग होते: ॲमेझॉन, बार्बेरियन, प्रेतांना उठवणारा नेक्रोमॅन्सर, धर्मयोद्धा पॅलाडिन आणि जादूगारीण सॉर्सरेस. पुढच्या वर्षी जूनमध्ये ‘लॉर्ड ऑफ डिस्ट्रक्शन’ हा विस्तार आला तेव्हा असॅसिन आणि ड्रुइड यांची भर पडली. प्रत्येक वर्गाला तीस कौशल्ये मिळाली आणि ती तीन ‘वृक्षां’त, म्हणजे खालची फांदी गाठण्यासाठी वरच्या फांदीवर आधी गुण खर्च करावा लागेल अशा आकृतीत, मांडली गेली. पात्राची पातळी एकाने वाढली की कौशल्यासाठी एक गुण मिळे. पातळ्या ९९, म्हणजे वाढीच्या पायऱ्या ९८, आणि ‘नॉर्मल’, ‘नाइटमेअर’ व ‘हेल’ या तीन काठिण्यस्तरांवरील ठरावीक कामगिऱ्यांतून मिळणारे १२ गुण धरून जन्मभराची पुंजी ११० गुणांची होई. कोणत्याही एका कौशल्यात २० पेक्षा अधिक गुण घालता येत नसत, त्यामुळे पाच-साडेपाच कौशल्ये पूर्ण भरता येतील एवढाच हा ऐवज होता, आणि ९९ वी पातळी गाठणे इतके कष्टाचे होते की बहुतेकांचा हिशेब पंच्याऐंशी-नव्वदच्या आसपासच थांबे.

या सर्व व्यवस्थेत एक नियम बाकीच्यांहून निर्णायक ठरला. एकदा खर्च केलेला गुण परत घेता येत नसे. चुकीच्या कौशल्यात घातलेले वीस गुण ही चूक दुरुस्त करण्याचा एकमेव मार्ग म्हणजे ते पात्र सोडून देऊन पहिल्या पातळीपासून नवे पात्र उभारणे, आणि त्यासाठी कित्येक आठवड्यांचा वेळ जाई. परिणामी सावध खेळाडू परीक्षित वाटेनेच जात, आणि एखादी बांधणी चांगली आहे की नाही हे ठरवण्याइतपत प्रयोगच होत नसत. ‘कोणी वापरत नाही, म्हणून ती वाईट’ हा निष्कर्ष येथे अगदी सहज निघे. दुसरीकडे, ज्यांनी तरीही अनवट बांधणी हाती घेतली त्यांना आधी कागदावर सर्व गणित मांडणे भाग पडे, कारण प्रत्यक्ष प्रयोगाची किंमत फार होती. दुर्लक्षित बांधण्यांचा पाया जेव्हा पक्का निघाला तेव्हा तो या सक्तीच्या पूर्वाभ्यासामुळे निघाला.

या गणितात किती बारकावा होता हे मंत्रोच्चाराच्या वेगाच्या उदाहरणावरून दिसते. हा खेळ सेकंदाला २५ चित्रचौकटी, म्हणजे ‘फ्रेम’, या गतीने चालतो, आणि कोणतीही कृती अपूर्णांक फ्रेममध्ये होऊ शकत नाही. जादूगारिणीला बहुतेक मंत्र टाकायला मुळात १३ फ्रेम लागतात. वस्तूंमधून मिळणारी वेगवृद्धी ६३ टक्के झाली की ९ फ्रेम लागतात, १०५ टक्के झाली की ८, आणि सातव्या फ्रेमवर यायचे तर थेट २०० टक्के लागतात. या उंबरठ्यांना ‘ब्रेकपॉइंट’ म्हणतात, आणि दोन उंबरठ्यांच्या मधली वेगवृद्धी पूर्णपणे वाया जाते. १०४ टक्के जमवणारी जादूगारीण आणि ६३ टक्क्यांवर थांबणारी जादूगारीण यांचे मंत्र अगदी सारख्याच गतीने सुटतात. दुसरीने मात्र त्या ४१ टक्क्यांच्या जागी आयुष्य, प्रतिकार किंवा अधिक कौशल्य देणाऱ्या वस्तू घातलेल्या असतात. खेळाच्या पडद्यावर हे आकडे कोठेही दिसत नाहीत. ज्याने उंबरठे पाठ केले त्याच्या हाती स्वस्त वस्तूंतूनही महागड्या वस्तूंइतका परिणाम काढण्याची किल्ली आली, आणि चाकोरीबाहेरची बांधणी तग धरू शकते की नाही याचा निवाडा पुष्कळदा अशा एखाद्या फ्रेमवर झाला.

पहिल्या तीन वर्षांत वृक्षाच्या रचनेने एक विचित्र सवय रुजवली होती. तिसाव्या पातळीवर उघडणारी कौशल्ये सर्वांत प्रबळ असल्यामुळे खेळाडू सुरुवातीचे गुण खर्चच करीत नसत; अर्धा खेळ ते जेमतेम शस्त्राच्या बळावर रेटत आणि तिसावी पातळी आली की साठवलेले सर्व गुण एकदम ओतत. वरच्या फांद्यांवरील कौशल्ये त्यामुळे केवळ पायऱ्या ठरली. ऑक्टोबर २००३ मध्ये आलेल्या १.१० क्रमांकाच्या सुधारित आवृत्तीने, म्हणजे ‘पॅच’ने, हे चित्र पालटले. तिने ‘सिनर्जी’ ही व्यवस्था आणली, जिच्यात एका कौशल्यावर खर्चलेला गुण त्याच्याशी नाते असलेल्या दुसऱ्या कौशल्याचेही बळ वाढवतो. आरंभीच्या कौशल्यांना किंमत आली हे खरे, पण त्याचबरोबर प्रत्येक प्रबळ कौशल्याला आपल्या नात्यातील दोन-तीन कौशल्ये भरून घेण्याची भूक लागली आणि ११० गुणांतून दोन स्वतंत्र शस्त्रे उभारणे पूर्वीहून अवघड झाले.

याच आवृत्तीने हेल स्तरावर अभेद्यतेच्या भिंती जागोजाग उभ्या केल्या. ज्या राक्षसाचा एखाद्या प्रकारच्या आघाताला असलेला प्रतिकार १०० टक्के किंवा अधिक आहे तो त्या प्रकाराला ‘इम्यून’, म्हणजे अभेद्य असतो. आगीचा राक्षस आगीला, बर्फाचा थंडीला, आणि काही भुते तर साध्या शस्त्राघातालाही. प्रतिकार उतरवणारे शाप अभेद्य राक्षसावरही पडतात, परंतु त्यांचा केवळ एक पंचमांश परिणाम होतो, आणि तेवढ्याने आकडा शंभराच्या खाली आला तरच भिंत फुटते. एकाच प्रकारच्या आघातावर उभ्या असलेल्या बांधण्यांना यामुळे अर्धी भुयारे बंद झाली. ‘ब्लेस्ड हॅमर’ हे पॅलाडिनचे कौशल्य मात्र ‘मॅजिक’ या स्वतंत्र प्रकारचा आघात करते, ज्याला अभेद्य असणारे राक्षस फारच थोडे आहेत, आणि सिनर्जीही त्याला भरभक्कम मिळाल्या. या कौशल्यावर उभा असलेला ‘हॅमरडिन’ पुढील अनेक वर्षे या खेळाचा सर्वमान्य राजा ठरला.

हॅमरडिनच्या राज्याचा दुसरा खांब एका वस्तूत होता, आणि दुर्लक्षित बांधण्यांच्या इतिहासाचा धागा नेमका तेथूनच निघतो. विस्तारासोबत खेळात ‘रून’ नावाच्या ३३ कोरीव शिळा आल्या होत्या. त्या ठरावीक क्रमाने योग्य वस्तूच्या खोबणींत बसवल्या की ‘रूनवर्ड’ सिद्ध होतो आणि त्या वस्तूला खास सामर्थ्य लाभते. १.१० ने नवे रूनवर्ड आणलेच, शिवाय एका वर्गाचे कौशल्य दुसऱ्या वर्गाच्या पात्राला देणाऱ्या वस्तूही आणल्या. ‘जाह’, ‘इथ’ आणि ‘बेर’ या तीन रूनांचे ‘एनिग्मा’ हे चिलखत अंगावर चढवणाऱ्या कोणालाही जादूगारिणीचे ‘टेलिपोर्ट’, म्हणजे क्षणार्धात एका जागेवरून दुसऱ्या जागी उडी घेण्याचे कौशल्य देते. पॅलाडिनचे हातोडे त्याच्या पायाशी सुरू होऊन चक्राकार बाहेर पसरतात, तेव्हा त्याला राक्षसांच्या घोळक्याच्या ऐन मध्यभागी जाऊन उभे राहणे आवश्यक असते, आणि टेलिपोर्टने नेमकी तीच सोय केली.

परंतु परक्या कौशल्याची ही तरतूद केवळ एनिग्मापुरती नव्हती. ‘बीस्ट’ या रूनवर्डने ड्रुइडचे अस्वलरूप कोणत्याही पात्राला खुले केले, सोबत हल्ल्याचा वेग आणि आघात दोन्ही वाढवणारी ‘फॅनॅटिसिझम’ ही आभा दिली. ‘वुल्फहाउल’ या बार्बेरियनच्या शिरस्त्राणाने त्याला लांडग्याचे रूप आणि प्रत्येक यशस्वी प्रहारासरशी वेग व रक्तशोषण वाढवणारे ‘फेरल रेज’ हे कौशल्य दिले. यांतून अस्वलरूपी जादूगारीण आणि लांडगारूपी बार्बेरियन या दोन बांधण्या जन्मल्या. अस्वल झालेल्या जादूगारिणीला नेहमीचे मंत्र टाकता येत नाहीत, पण रूप पालटण्याआधी शस्त्रावर घातलेला ‘एन्चँट’ हा अग्निमंत्र टिकून राहतो, आणि शिरस्त्राण व ढाल या दोन्हींत ‘ड्रीम’ हा रूनवर्ड सिद्ध केला तर प्रत्येकी पंधराव्या पातळीची वीजआभा मिळून तिच्या प्रहाराला आगीसोबत विजेचीही जोड मिळते. दुर्बळ शरीराची, दूर उभी राहून लढणारी म्हणून ओळखली जाणारी ही स्त्री मग राक्षसांच्या तोंडावर उभी राहून त्यांना पंजाने झोडपते. लांडग्याच्या बाबतीत वेगाचा हिशेब आणखी गुंतागुंतीचा होता, कारण रूपांतरित अवस्थेत शस्त्रावर कोरलेला वेग आणि इतर वस्तूंतून येणारा वेग यांचे गणित एकसारखे चालत नाही. चुकीचे शस्त्र घेऊन हे रूप आजमावणाऱ्याला ते मंद आणि निरुपयोगी वाटे, आणि त्याचे ते मत पुढे पसरे.

तरीही या बांधण्यांच्या दुर्लक्षाचे मुख्य कारण बाजारात होते. बेर ही तिसावी आणि जाह ही एकतिसावी रून. दोन्ही इतक्या दुर्मीळ की सामान्य खेळाडूला महिनोन्महिने एकही सापडत नसे. बीस्टला बेर लागते आणि ड्रीमला जाह. ज्याच्या हाती या दोन रून आल्या त्याच्यापुढे एनिग्मा हा पर्याय उभाच असे, आणि एनिग्मा आधी करून मग बाकीचे, असे म्हणता म्हणता बाकीचे राहूनच जाई. अस्वलरूपी जादूगारिणीचे सामर्थ्य आजमावायचे तर आधी एक हॅमरडिन श्रीमंत करावा लागे, आणि तो एकदा श्रीमंत झाला की वेगळ्या वाटेने जाण्याची निकड उरत नसे. सामर्थ्यावरचा निकाल समजला गेलेला हा निकाल खरे तर किमतीवरचा होता, आणि या खेळाविषयीच्या बहुसंख्य लेखनात हा भेद पुसला गेला आहे.

याच्या नेमकी उलट कहाणी नेक्रोमॅन्सरच्या सांगाड्यांच्या सेनेची आहे. मूळ खेळात ‘रेझ स्केलेटन’ या कौशल्याच्या प्रत्येक पातळीला एक जादा सांगाडा उठवता येई, तेव्हा मोठी फौज जमवणे सोपे होते. पण ते सांगाडे इतके तकलादू होते की हेलमध्ये पहिल्याच झटापटीत त्यांचा चुरा होई, आणि सेनापती नेक्रोमॅन्सर हा अनुभवी मंडळींत थट्टेचा विषय होता. १.१० ने संख्या कमी केली. पहिल्या तीन पातळ्यांना एकेक सांगाडा आणि पुढे दर तीन पातळ्यांना एक, या नियमाने विसाव्या पातळीला आठच सांगाडे उरले. वरवर पाहता ही कपात होती, आणि पुष्कळांनी ती तशीच वाचली. प्रत्यक्षात प्रत्येक सांगाड्याचे आयुष्य आणि आघात कितीतरी वाढले होते. या सेनेच्या जोडीला ‘ॲम्प्लिफाय डॅमेज’ हा शाप होता, जो शत्रूचा शस्त्राघाताला असलेला प्रतिकार शंभराने उतरवतो, आणि ‘कॉर्प्स एक्स्प्लोजन’ हे कौशल्य होते, जे पडलेल्या राक्षसाचे प्रेत फोडून त्याच्या मूळ आयुष्याच्या प्रमाणात भोवतालच्यांवर आघात करते. राक्षस जितका दांडगा, तितका त्याच्या प्रेताचा स्फोट मोठा. म्हणजे हेल कठीण होत गेला तसे हे शस्त्रही आपोआप धारदार होत गेले, आणि त्यासाठी अंगावर कोणतीही महागडी वस्तू असण्याची गरज नव्हती. नेक्रोमॅन्सरने उभा केलेला मातीचा पुतळा शत्रूला खिळवून ठेवतो, भाडोत्री भालदार आपल्या ‘माइट’ या आभेने सांगाड्यांचे हात बळकट करतो, पहिला राक्षस पडतो, आणि मग एकामागून एक स्फोटांची साखळी लागून सबंध दालन दोन-तीन क्षणांत रिकामे होते.

या बांधणीला मान मिळण्यामागे खेळाच्या अर्थव्यवस्थेतील एक बदलही होता. १.१० पासून ‘लॅडर’ ही हंगामी स्पर्धा सुरू झाली, जिच्या प्रत्येक नव्या हंगामात सर्वांना शून्यापासून, रिकाम्या हातांनी प्रारंभ करावा लागे. तोवर ‘स्टोन ऑफ जॉर्डन’ ही अंगठी चलनासारखी वापरली जात होती आणि तिच्या बनावट प्रतींनी बाजार तुंबला होता. श्रीमंतांची बांधणी आणि गरिबांची बांधणी हा भेद दिसण्याइतकी समान सुरुवातच कधी होत नव्हती. लॅडरने ती घडवून आणली, आणि पहिल्या आठवड्यात विनाखर्च हेल पार करणारा नेक्रोमॅन्सर लोकांच्या डोळ्यांत भरला. त्याची सांगोपांग मांडणी करणाऱ्या मार्गदर्शिकेवरून ‘फिशीमॅन्सर’ हे नाव रूढ झाले, आणि काही वर्षांतच नवख्यांना सर्वप्रथम हीच बांधणी सुचवली जाऊ लागली.

नियमांच्या सूक्ष्म वाचनातून दुर्लक्षित कौशल्य कसे वर आले याचा सर्वोत्तम दाखला मात्र पॅलाडिनच्याच दुसऱ्या एका कौशल्याचा आहे. ‘स्माइट’ म्हणजे ढालीने दिलेला धक्का. तो एका वेळी एकाच शत्रूला लागतो, त्याचा आघात ढालीवरून मोजला जातो, हातातील शस्त्राचा मूळ आघात त्यात धरलाच जात नाही, आणि शस्त्राघातातून रक्त शोषून आयुष्य भरून काढण्याची नेहमीची सोय त्याला लागू पडत नाही. खेळाडूंमधील द्वंद्वांत, प्रतिस्पर्ध्याला खिळवून ठेवण्याच्या गुणामुळे, त्याला जागा होती. राक्षसांविरुद्ध मात्र तो कुचकामी मानला जाई. त्याच्या जमेच्या बाजूला असलेल्या एका कलमाकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही: स्माइट कधीही चुकत नाही. शत्रूचे संरक्षण कितीही असो, ढालीचा धक्का लागतोच.

ऑगस्ट २००५ मध्ये आलेल्या १.११ आवृत्तीने खेळातील सर्वांत अवघड आव्हान आणले. तीन निरनिराळ्या प्रकारच्या प्रत्येकी तीन किल्ल्या जमवायच्या, त्यांतून उघडणाऱ्या द्वारांपलीकडील तीन शत्रूंकडून मेंदू, शिंग आणि डोळा हे अवयव मिळवायचे, आणि त्यांच्या आधारे ट्रिस्ट्रम गावाच्या विकृत प्रतिरूपात शिरून मेफिस्टो, डायब्लो आणि बाल या मुख्य राक्षसांच्या प्रचंड वाढवलेल्या रूपांशी लढायचे. या तिघांचे प्रतिकार इतके उच्च होते आणि मेफिस्टोची आभा खेळाडूचे स्वतःचे प्रतिकार इतके खाली ओढी की मंत्र फेकणाऱ्या बहुतेक बांधण्या येथे कोलमडल्या. तेव्हा अभ्यासू मंडळी स्माइटच्या कलमांकडे परतली. ‘क्रशिंग ब्लो’ हा वस्तूंमधून मिळणारा गुण शत्रूच्या त्या क्षणीच्या आयुष्याचा ठरावीक हिस्सा, बड्या शत्रूंच्या बाबतीत आठवा, एका प्रहारात उडवतो. त्याला पात्राच्या मूळ आघाताशी देणेघेणे नसते, फक्त प्रहार लागला पाहिजे, आणि स्माइट तर दर खेपेला लागतो. ‘गिलॉम्स फेस’ हे शिरस्त्राण ३५ टक्के आणि ‘गोअर रायडर’ हे बूट १५ टक्के क्रशिंग ब्लो देतात, म्हणजे दोनच वस्तूंत दर दोन धक्क्यांमागे सरासरी एकदा शत्रूचा लचका तुटतो. आयुष्य भरून काढण्याचा प्रश्न ‘ड्रॅकुल्स ग्रास्प’ या हातमोज्यांनी सोडवला. प्रहार करताना त्यांतून अधूनमधून ‘लाइफ टॅप’ हा शाप सुटतो, आणि शापित शत्रूला केलेल्या शस्त्राघाताचा निम्मा हिस्सा प्रहार करणाऱ्याच्या आयुष्यात जमा होतो. रक्तशोषण स्माइटला वर्ज्य होते. शापातून मिळणारे आयुष्य वर्ज्य नव्हते.

उरला प्रश्न आघाताचा, आणि तेथे या साऱ्या शोधातील सर्वांत देखणा भाग येतो. ‘ग्रीफ’ हा रूनवर्ड शस्त्राला टक्केवारीत बळ देत नाही. तो थेट ३४० ते ४०० इतका आघात वाढवतो. खेळाच्या हिशेबात टक्केवारीची वाढ शस्त्राच्या मूळ आघातावर बसते, आणि स्माइट तो मूळ आघात मोजतच नसल्यामुळे तीही गळून पडते. ग्रीफची सरळ वाढ मात्र शस्त्राच्या खात्यात न जाता ते धारण करणाऱ्या पात्राच्या खात्यात मांडली जाते, आणि म्हणून ढालीच्या धक्क्यातही ती पूर्ण उतरते. ढालीने मारणाऱ्या योद्ध्यासाठी हातातील तलवार निर्णायक ठरावी हा निष्कर्ष वस्तूवरचे वर्णन कितीही वेळा वाचून निघणारा नव्हता. तो खेळाच्या फायली उलगडून, बेरजा कोणत्या क्रमाने होतात हे तपासणाऱ्यांनाच दिसला. स्माइट आणि त्याची कलमे २००० पासून सर्वांसमोर होती, ग्रीफ २००३ पासून होता. त्यांना एकत्र आणणारी गरज २००५ मध्ये निर्माण झाली, आणि त्यानंतर ‘स्माइटर’ ही त्या तिघांना मारण्याची प्रमाण बांधणी होऊन बसली.

मार्च २०१० मधील १.१३ आवृत्तीने गुण परत घेण्याची मुभा दिली. प्रत्येक काठिण्यस्तरावर एकदा, अकारा या वृद्ध पुजारिणीकडे जाऊन, पात्राचे सर्व गुण मोकळे करून घेता येऊ लागले, आणि पुढील वेळांसाठी दुर्मीळ साहित्यातून एक खास वस्तू सिद्ध करण्याची सोय झाली. दहा वर्षे टिकलेला अपरिवर्तनीयतेचा नियम संपला. २०१२ च्या ‘डायब्लो ३’ने तर कौशल्ये केव्हाही बदलण्याची मोकळीक दिली, आणि तिथे प्रयोगाची किंमत जवळपास शून्यावर आली. न्यूझीलंडच्या ‘ग्राइंडिंग गिअर गेम्स’ने २०१३ मध्ये आणलेल्या ‘पाथ ऑफ एक्झाइल’ने मात्र जुनी कठोरता काही अंशी राखली; त्या खेळात सर्व वर्गांना सामाईक असा तेराशेहून अधिक बिंदूंचा एकच कौशल्यवृक्ष आहे आणि त्यावरचा प्रत्येक चुकीचा बिंदू मागे घ्यायला किंमत मोजावी लागते. तेथील ‘राइचस फायर’ हे कौशल्य भोवतालच्या शत्रूंसह स्वतःच्या पात्रालाही जाळते, आणि आयुष्य भरून येण्याचा वेग त्या दाहापेक्षा अधिक करता आला तर खेळाडू केवळ चालत जाऊन शत्रूंना भस्म करू शकतो; स्वतःला मारणारे कौशल्य म्हणून नवख्यांनी टाकून दिलेले हे साधन गणिताच्या जोरावर एका स्थिर बांधणीचा कणा बनले. २०१६ पासून ‘पाथ ऑफ बिल्डिंग’ हे गणनासाधन उपलब्ध झाल्यावर मात्र असे शोध काही दिवसांतच सर्वांच्या हाती पोहोचू लागले, आणि बांधणी दुर्लक्षित राहण्याचा काळ वर्षांवरून आठवड्यांवर आला. शोधाचा आनंद त्यामुळे कमी झाला असे म्हणता येणार नाही. पण एखादी बांधणी एका माणसाच्या हाती दीर्घकाळ मुरत राहावी, तिच्यावर त्याची छाप पडावी, हे विरळ झाले, आणि ही हानी लहान नाही.

सप्टेंबर २०२१ मध्ये ‘डायब्लो २: रिझरेक्टेड’ या नव्या रूपात जुना खेळ परत आला तेव्हा त्याचे नियम आरंभी जसेच्या तसे ठेवले होते. एप्रिल २०२२ च्या २.४ आवृत्तीने दहाहून अधिक वर्षांत प्रथमच पात्रवर्गांच्या समतोलाला हात घातला, आणि मागे पडलेल्या बांधण्यांना उभारी देण्याचा हेतू निर्मात्यांनी उघडपणे सांगितला. फेकशस्त्रे वापरणारा बार्बेरियन आणि युद्धकला जाणणारी असॅसिन यांना त्यात वाटा मिळाला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमधील २.५ आवृत्तीने ‘संडर चार्म’ हे ताईत आणले, जे एका प्रकारच्या आघाताला अभेद्य असलेल्या राक्षसांचा प्रतिकार ९५ वर आणून भिंत फोडतात आणि मोबदल्यात खेळाडूचा स्वतःचा त्या प्रकारचा प्रतिकार घटवतात. १.१० ने घडवलेली, दोन प्रकारचे आघात काटकसरीने जोडणारी जादूगारीण यानंतर अनावश्यक झाली, कारण एकाच मूलतत्त्वावर सर्व गुण लावून कोठेही जाता येऊ लागले. फेब्रुवारी २०२३ मध्ये २.६ आवृत्ती आली आणि तिच्यात ‘मोझेइक’ हा असॅसिनच्या पंजेरी शस्त्राचा रूनवर्ड होता. असॅसिनची युद्धकला २००१ पासून एका अडचणीत अडकली होती: आधी तीन प्रहारांनी भार साठवायचा, मग अंतिम प्रहाराने तो मोकळा करायचा, आणि पुन्हा पहिल्यापासून साठवायला लागायचे, ज्यात निम्मा वेळ तयारीतच जाई. मोझेइक अंतिम प्रहारानंतर भार तसाच शिल्लक राहण्याची ५० टक्के शक्यता देतो, आणि दोन्ही हातांत तो असेल तर ही शक्यता १०० टक्के होते. एकदा साठवलेली आग, वीज आणि बर्फ मग प्रत्येक लाथेसरशी अखंड सुटत राहतात. बावीस वर्षे अडगळीत पडलेली युद्धकलेची असॅसिन काही आठवड्यांत खेळातील सर्वांत प्रबळ बांधण्यांत गणली जाऊ लागली, आणि पुढच्या लॅडर हंगामात मोझेइकला लागणाऱ्या रूनांची मागणी वाढली.